हऱ्याचं पोट आणि प्रधान सरांची मोटार

किस्से पोटात ठेवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. वेळच्या वेळी बाहेर पडले तर ठीक, नाहीतर माणूस अस्वस्थ होतो, उगाच चिडचिड करतो. आमच्या चौघांच्या पोटात पालघरच्या कॉलेजातले इतके किस्से साठलेत, की वर्षातून एकदा केळव्याला माझ्या वाडीत जमलो की दोन दोन तास मोकळे होत बसतो. बायका आतून ओरडतात, "पुरे करा की आता, पानं वाढलीत!" जेवणाच्या वेळी त्यांचं ओरडणं साहजिकच आहे. आमचा विषय एकच असतो. हऱ्याचं पोट!

तर आधी माणसं सांगतो. साल साठच्या पुढचं आणि सत्तरच्या जरा अलीकडचं. तारापूरला अणुवीज केंद्राचं काम जोरात चाललेलं, आणि पालघरचं कॉलेज नवंकोरं. हॉस्टेल वगैरे काही नव्हतं. आप्पा नावाच्या एका म्हाताऱ्याच्या घराच्या पडवीला भिंती घालून केलेली एक खोली, त्यात आम्ही चौघं. मी केळव्याचा, नारळी-सुपारीवाला. गजानन मूळचा अकोल्याकडचा. त्याचे वडील तारापूरच्या कामावर फिटर. लक्ष्मण जव्हारच्या बाजूच्या डोंगरातला. आणि हरिश्चंद्र उर्फ हऱ्या, नवापूरच्या मच्छीमाराचा मुलगा. खांदे असे, की दारातून आत येताना जरा तिरका व्हायचा. त्याच्या घरात कॉलेजचं तोंड पाहणारा तो पहिलाच.

*

पहिल्याच आठवड्यात हऱ्या गप्प झाला. जेवताना अर्धी पोळी ठेवून उठायचा. वर्गात खिडकीबाहेर बघायचा. आम्ही अठरा वर्षांचे, आम्हाला दुसरं काय सुचणार? गजाननने त्याला कोपऱ्यात घेतलं.

"काऊन बे, कोन हाय ती?"

"कोन कोन?"

"मंग तोंड काऊन पाडलं?"

हऱ्याने पायाचा अंगठा जमिनीवर घासला. मग हळूच म्हणाला, "पाच दिस झालं."

"कशाला पाच दिस झाले?"

"नाय झाली, त्याला."

गजाननला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तो हसायच्या बेतात होता, पण हऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणून तो गप्प बसला. गजानन गप्प बसण्याचा हा पहिला आणि बहुधा शेवटचा प्रसंग!

दोष हऱ्याच्या पोटाचा नव्हता. दहाव्या वर्षापासून हा पोरगा पहाटे उठून बापाबरोबर होडी ओढत आलेला. भरतीला पाण्यात ढकलायची, परत आली की ओढून वर घ्यायची, ओली जाळी खांद्यावर टाकून किनाराभर चालायचं. त्यातच कधीतरी किनाऱ्याला लांब जाऊन बसायचं, की काम फत्ते. आणि आता? सकाळी बाकावर, दुपारी बाकावर, संध्याकाळी खाटेवर. वर आप्पांचा संडास! पत्र्याचं दार, कडी नाही, आतल्याने खाकरत राहायचं म्हणजे बाहेरच्याला कळतं.

"आमच्याकडं समोर समुद्र आसतो," हऱ्या म्हणाला. "हितं समोर पत्रा. आनि मी खाकरू का बसू?"

*

गोष्ट आप्पांना कळली आणि त्यांनी ती अंगावर घेतली. आप्पा पेन्शनीत निघालेले, घरात दुसरं माणूस नाही, त्यामुळे काम मिळाल्याचा आनंद त्यांना फार. त्यांचा इलाज सोपा होता. उठल्याबरोबर तांब्याभर गरम पाणी आणि मग अंगणात शंभर फेऱ्या.

"मोजायचं माझ्याकडे लागलं," आप्पा म्हणाले. "तुम्ही पोरं लबाडी करता."

दुसऱ्या दिवसापासून आप्पा ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून खणखणीत आवाजात मोजायला लागले. "सत्तावीस! अठ्ठावीस! पाय उचल रे, एकोणतीस!" आवाज गल्लीच्या टोकापर्यंत. चार दिवसांत अख्ख्या गल्लीला माहीत झालं की आप्पांच्या भाडेकरूचं पोट साफ होत नाही आणि तो रोज किती फेऱ्यांना आत पळतो. समोरच्या काकू पाणी भरताना थांबून ऐकायच्या. नव्वदच्या पुढे आकडा गेला की हळहळायच्या.

एकदा आप्पांचा आवाज एकसष्टलाच थांबला. हऱ्या पाय मुरगळून खाली बसला होता, म्हणून. पण गल्लीला ते दिसलं नव्हतं ना! दुधवाला भय्या सायकलवरून उतरला, हात जोडले आणि मनापासून म्हणाला, "बधाई हो, आप्पा! आज तो जल्दी निपट गया!"

*

मग लक्ष्मण. लक्ष्मण या सगळ्यात कधीच पडला नव्हता. तो सकाळी उठायचा, जायचा, यायचा. दोन मिनिटांचा मामला. गजाननने त्याला विचारलं, "तुले कसा त्रास होत नाही बे?"

लक्ष्मण हसला. तो हसला की फार गोड दिसायचा. म्हणाला, "आमच्याकडं आदी पोटात काय पडाया पायजे. मग आडकंल ना!"

त्या दिवसापासून माझ्या घरून केळी आली की पहिली फणी लक्ष्मणच्या ट्रंकेवर ठेवायची, असं न बोलताच ठरून गेलं.

पण लक्ष्मणलाही हऱ्याची दया आली. एका शनिवारी तो त्याला म्हणाला, "चल माझ्या गावाला. पायथ्यापर्यंत एस.टी.नं, मग पायी." आणि खरोखर, दोघं निघाले. एक समुद्राचा, एक डोंगराचा! हऱ्याने जन्मात चढ पाहिलेला नव्हता. वाळूवर चालणारा माणूस तो. पहिल्या डोंगराला तो बसला, दुसऱ्याला आडवा झाला. लक्ष्मणने त्याची पिशवी घेतली, मग चपला घेतल्या, मग त्यालाच हाताला धरून नेला. लक्ष्मणच्या आईने नागलीची भाकरी आणि रानातली भाजी घातली. परत येताना मात्र कोणाच्या तरी ट्रकमधून आले.

सोमवारी सकाळी हऱ्या खाटेवर पडून ओरडला, "लक्ष्मण! झाला, भावा! पोट एकदम साप!"

"मग उट की."

"तं नाय जमत. पाय गेले!"

तीन दिवस आम्ही त्याला दोन्हीकडून धरून वर्गात नेला.

*

रविवारी एन.सी.सी.ची परेड असायची. आम्ही चौघांनी नाव घातलं होतं, कारण परेडनंतर नाश्ता मिळायचा. शिकवायला एक निवृत्त फौजी होते, त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. मिशा पांढऱ्या, आवाज तोफेचा.

आम्हाला वाटलं, परेडने हऱ्याचं भलं होईल. पण परेड म्हणजे निम्मा वेळ ताठ उभं राहणं! एका रविवारी, सहाव्या दिवशी, सावधानमध्ये उभा असताना हऱ्याच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. मी शेजारीच होतो, मला दिसलं. आली होती वेळ! त्याने हळूच हात वर केला.

"हिलना नहीं!" उस्ताद गरजले. "सावधान मतलब सावधान!"

हऱ्या हलला नाही. आज्ञाधारक पोरगा. दहा मिनिटांनी परेड विश्रामला आली तेव्हा तो उजेड गेलेला होता. तो माझ्याकडे बघून नुसती मान हलवत राहिला. मला इतका राग आला की मी थेट उस्तादांपुढे जाऊन सगळं सांगून टाकलं, मोडक्यातोडक्या हिंदीत, रडवेल्या आवाजात. उस्तादांनी ऐकून घेतलं. मिशीवरून हात फिरवला. "छह दिन?" एवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारी सगळी कंपनी मैदानावर उभी. सावधान झालं. उस्ताद एक पाऊल पुढे आले आणि साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "नवापूरवाला! कुछ है?"

"नाय, उस्ताद!"

"कंपनीऽऽ, विश्राम!"

आणि हे दर दहा मिनिटांनी. शेवटच्या परेडपर्यंत!

*

दिवाळीनंतर हऱ्याने स्वतःच एक वाट काढली. दर गुरुवारी संध्याकाळी शटल गाडी पकडायची, बोईसरला उतरून एस.टी.ने नवापूर. शुक्रवारी पहाटे होडी ओढायची, पोट मोकळं, जीव मोकळा. शनिवारी रात्री परत. यात शुक्रवार-शनिवारचे तास बुडायचे ते बुडायचेच. पण चेहरा बघावा तर टवटवीत!

जानेवारीत एका बाजाराच्या दिवशी त्याची आई आली. सुक्या बोंबलाची पाटी बाजारात खाली करून थेट आमच्या खोलीवर. कासोटा, कपाळाला मोठं कुंकू, आवाज असा की आप्पा झोपाळ्यावरून उठून उभे राहिले. तिने इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. हऱ्याला पडवीत उभा केला, सदरा वर केला आणि अंगठ्याने त्याचं पोट दाबून बघितलं. बाजारात मासा दाबून बघतात, तसंच.

"घट्ट हाय," ती म्हणाली. "मासली आसती तं एक लंबर. पोराचा नाय चालत!"

आम्ही हसलो. तीही हसली. मग जायच्या वेळी तिने मला बाजूला बोलावलं. मी का, ते माहीत नाही. बहुधा केळव्याचा म्हणून जवळचा वाटलो असेन.

"त्याला घरी धाडू नको रे बाबा," ती म्हणाली. "घरी आला का बापूस त्याचा खांदा बगतो. होडीवर मानूस कमी हाय. तो बोलला, परीक्षेत पास जाला तं शिकूदे, नाय तं पुस्तकं बांद आनि होडीवर ये. ह्याला शिकाचा हाय. माज्याकडं रडला तो. पन ह्याचा पोट ह्याला घरी खेचतो. तुमी धरून ठेवा."

मी "हो मावशी" म्हणालो. कसं धरून ठेवायचं, हे काही मला माहीत नव्हतं. तिने पदराच्या गाठीतून बोंबलाची एक जुडी काढून माझ्या हातात दिली आणि निघून गेली. मला त्या संध्याकाळी फार वाईट वाटत राहिलं.

*

आणि नेमकं त्याच आठवड्यात प्रधान सरांनी हऱ्याला बोलावलं. प्रधान सर आमचे केमिस्ट्रीचे. बारीक, चष्मेवाले, कधी न हसणारे. आमच्यापासून दोन घरं सोडून राहायचे. शुक्रवारी त्यांचं प्रॅक्टिकल असायचं.

"तुझी शुक्रवारची हजेरी बघितलीस? अशीच राहिली तर परीक्षेला बसता येणार नाही. कारण काय ते उद्या लेखी आणून दे."

लेखी! आता हे लिहायचं कसं? गजानन म्हणाला, इंग्रजीत लिहू, इंग्रजीत काहीही लिहिलं तरी सभ्य वाटतं. आम्ही डिक्शनरी घेऊन दोन तास बसलो. शेवटी अर्ज तयार झाला. त्याचा मराठी अर्थ असा होता: 'माझे पोट पालघर येथे काम करण्यास नकार देत असून ते फक्त नवापूर येथे काम करते. तरी कृपा करून परवानगी द्यावी, ही नम्र विनंती.'

सरांनी तो अर्ज उभ्याउभ्या वाचला. दोनदा वाचला. आम्ही चौघंही दारात. सरांनी पेन काढलं, अर्जाच्या खाली काहीतरी लिहिलं आणि परत दिला. बाहेर येऊन बघितलं तर लिहिलं होतं: 'विनंती रास्त आहे. परंतु परवानगी देणे माझ्या हातात नाही.'

आम्ही हसावं की रडावं अशा अवस्थेत उभे. तेवढ्यात सर बाहेर आले.

"नवापूरला असं काय करतोस रे, जे इथे करत नाहीस?"

हऱ्या खाली मान घालून म्हणाला, "होडी ओडतो, सर. ढकलतो. बापूस एकटा पडतो."

"किती जड असते?"

"लय जड, सर."

सर "बरं" म्हणाले आणि घराकडे चालू लागले.

*

सरांकडे एक मोटार होती. मुंबईच्या कोणा मामाने वापरून वापरून दिलेली, काळी, रणगाड्यासारखी जड. दुसऱ्याच दिवशी पहाटे सर आमच्या दारात उभे. अंगावर पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला मफलर.

"मोटार चालू होत नाही. जरा धक्का द्याल का?"

चौघं उठलो. हऱ्याने खांदा लावला आणि "हेऽऽ हैश्शा!" केलं, तेव्हा ती मोटार अशी हलली की आम्हा तिघांना मागे नुसतं चालायचंच काम उरलं. सर आत, स्टिअरिंग धरून, समोर बघत. कचेरीच्या रस्त्याला थोडा चढ आहे, सरांनी मोटार तिकडेच वळवली. गजानन धापा टाकत म्हणाला, "सर, उताराकडं वळवा ना! उतारावर लवकर चालू होईल!"

सरांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "गजानन, सहामाहीत तुला केमिस्ट्रीत किती पडले?"

"एकोणीस, सर."

"मग ढकल."

चढ संपेपर्यंत मोटार काही चालू झाली नाही. मग वळवून परत आणली. तीही ढकलतच. दारात आल्यावर सर म्हणाले, "आता राहू दे, बसने जाईन," आणि आत गेले. पण आमचं लक्ष सरांकडे नव्हतंच. हऱ्या गल्लीतून आप्पांच्या अंगणाकडे पळत सुटला होता. समोरच्या काकूंनी घागर बाजूला घेऊन त्याला वाट दिली. आप्पा झोपाळ्यावरून ओरडले, "अरे, आज एकही फेरी नाही?" पत्र्याचं दार धाडकन लागलं, आणि थोड्या वेळाने आतून खाकरण्याऐवजी चक्क गाणं ऐकू आलं!

दुसऱ्या दिवशी सर पुन्हा दारात. तिसऱ्या दिवशीही. गुरुवारी संध्याकाळी हऱ्या पिशवी भरायला बसला, मग थांबला. म्हणाला, "सकाली सरांची मोटार कोन ढकलील?" आणि पिशवी परत खुंटीला अडकवली. त्या शुक्रवारी तो प्रॅक्टिकलला होता. त्यानंतरच्याही प्रत्येक शुक्रवारी. मोटार बिघडली ती बिघडलीच, पार परीक्षेपर्यंत. सर दोन महिने बसने कॉलेजात आले.

*

हऱ्या पास झाला, हे आधीच सांगून टाकतो, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. बापाने खोपटात जाऊन तोंड धुतलं आणि बाहेर येऊन सगळ्या आळीला पेढे वाटले. पण आमचा सगळ्यात लाडका किस्सा निकालाचा नाही. तो शेवटच्या पेपरच्या सकाळचा आहे.

पेपर केमिस्ट्रीचा. बारा दिवस परीक्षा चाललेली, हऱ्या घरी गेला नव्हता, आणि आदल्या दोन दिवसांत काळजीने पोट पुन्हा रुसलेलं. पहाटे उठला तो पांढराफटक. "मला कायच आटवत नाय," म्हणाला. "होडीवरच जातो मी आता." लक्ष्मणने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात दारात मफलर.

"जरा धक्का द्याल का?"

परीक्षेच्या दिवशीसुद्धा! गजाननला राग आला, पण हऱ्या उठला. मुकाट्याने जाऊन मोटारीमागे वाकला. आम्हीही लागलो. सर आत बसले, मोटार हलली, चार हात पुढे गेली असेल, आणि मागून प्रधानबाई ओल्या हातांनी धावत आल्या.

"अहो! अहो, थांबा! किल्ली!" त्यांच्या हातात मोटारीची किल्ली लोंबत होती. "रोज किल्ली खुंटीला ठेवून जाता, मग ती मोटार चालू तरी कशी व्हायची?"

मोटार थांबली. सर स्टिअरिंग धरून समोर बघत बसले होते. त्यांचे कान मागून लाल झालेले दिसत होते. हऱ्या हळूहळू ताठ झाला. त्याने एकदा बाईंच्या हातातल्या किल्लीकडे बघितलं, एकदा सरांच्या मफलरकडे. मग मनगटाने दोन्ही डोळे पुसले, पुन्हा वाकला आणि खांदा लावला.

"बाई, तुमी आत जा," तो म्हणाला. "सर, बिरेक सोडा."

सरांनी ब्रेक सोडला.